‘अपात्र’ म्हणजे का अपात्र, हे कोण सांगणार?

भारतीय नौदलासाठी सहा पाणबुड्या कोणी बांधायच्या, याची निविदा केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये काढली. त्याआधी जूनमध्ये मंजुरी देताना खर्चाचा अंदाज ४३ हजार कोटी रुपये होता. पुढे तो ७० हजार कोटींच्या घरात गेल्याचे वर्तमानपत्रांतून छापून आले. ऑगस्ट २०२३ मध्ये बोली भरण्याची मुदत संपली तेव्हा मैदानात दोघेच उरले होते आणि दोघेही मुंबईचेच. एक सरकारी मालकीची माझगाव डॉक, तिच्या जोडीला जर्मनीची थिसेनक्रुप. दुसरी खासगी मालकीची लार्सन अँड टुब्रो, तिच्या जोडीला स्पेनची नवांतिया. जानेवारी २०२५ मध्ये बातमी आली की लार्सन अँड टुब्रोची बोली नौदलाच्या अटींत बसत नाही म्हणून बाद झाली. दोनातून एक गेला. उरला एक. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या एकाशीच भावाची बोलणी सुरू झाली.

बोली नेमकी कोणत्या कसोटीवर, कोणत्या चाचणीत, किती कमी पडली? याचा सविस्तर, सही-शिक्क्याचा, कारणांसह लिहिलेला कागद जनतेसमोर आलेला नाही. ‘सूत्रांनी सांगितले’ यावर भागवायचे.

घाटंजीत बसून आम्ही पाणबुडीची उठाठेव कशाला करतो, असे आमचे काही मित्र विचारतील. वाघाडीच्या पाण्यात पाणबुडी चालत नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. पण ज्या तिजोरीतून ती बांधली जाणार त्या तिजोरीत घाटंजीच्या बाजारात साबण आणि चप्पल विकत घेणाऱ्या शेतमजुराचाही पैसा आहे. शिवाय आम्ही वकील आहोत. ‘अपात्र’ हा शब्द आमच्या टेबलावर वारंवार येतो. पंचायत समितीच्या, नगरपरिषदेच्या, वन खात्याच्या निविदा भरणारी आपली तरुण पोरे येतात. बयाणा भरलेला असतो, दाखले जोडलेले असतात, रात्र जागून संगणकावर कागद चढवलेले असतात. आणि उत्तर एका शब्दाचे असते : अपात्र. का, ते नाही. साहेबांना विचारले तर ‘तांत्रिक लिफाफ्यातच गेलात’ एवढेच. भावाचा लिफाफा उघडलाच जात नाही, त्यामुळे आपण स्वस्त होतो की महाग हेही कळत नाही.

हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. पाणवठ्यावर अपात्र, शाळेत अपात्र, देवळात अपात्र. तेव्हाही कारण लेखी मिळत नसे. म्हणून सरकारी कागदावर हा शब्द कारणाशिवाय उमटतो तेव्हा आम्ही थांबून वाचतो; मग तो कागद पंचायत समितीचा असो की संरक्षण मंत्रालयाचा.

आधी लार्सन अँड टुब्रोवर अन्याय झाला काय, ते पाहू. डिझेल-विजेवर चालणाऱ्या पाणबुडीला बॅटऱ्या भरून घेण्यासाठी थोड्या-थोड्या वेळाने पृष्ठभागाजवळ यावे लागते. तिथेच ती शत्रूच्या नजरेत सापडते. यावर उपाय म्हणजे बाहेरच्या हवेशिवाय वीज तयार करणारी यंत्रणा. ती असली की पाणबुडी बरेच दिवस खाली राहू शकते. नौदलाची अट होती की ही यंत्रणा समुद्रात प्रत्यक्ष चालून सिद्ध झालेली असली पाहिजे. जर्मन यंत्रणा अनेक वर्षांपासून पाणबुड्यांवर चालते आहे. स्पेनची नवी पाणबुडी ‘आयझॅक पेराल’ नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्या नौदलात दाखल झाली खरी, पण तिच्यात ही यंत्रणा बसवलेलीच नव्हती. ती त्यांच्या पुढच्या पाणबुडीत बसायची होती. २०२४ मध्ये आपले पथक स्पेनच्या कार्ताहेना बंदरात गेले तेव्हा त्याला यंत्रणा किनाऱ्यावर चालवून दाखवण्यात आली.

म्हणजे अट ‘समुद्रात सिद्ध’ अशी होती आणि दाखवली गेली जमिनीवर. जाहीर झालेली माहिती एवढीच असेल तर बोली बाद करणे आम्हाला चुकीचे वाटत नाही. लिहिलेली अट पाळली गेली. लार्सन अँड टुब्रोसाठी अश्रू ढाळायला आम्ही बसलेलो नाही. ती कंपनी स्वतःचे वकील लावू शकते आणि ते आमच्यापेक्षा महागडे असतात.

आमची हरकत दुसरीकडे आहे. २०२१ मध्ये सरकारने पाच परदेशी कंपन्यांची नावे निवडली होती : जर्मनी, स्पेन, फ्रान्स, दक्षिण कोरिया आणि रशिया. फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपने २०२२ मध्येच उघड सांगितले की समुद्रात सिद्ध झालेल्या यंत्रणेची अट आम्हाला पूर्ण करता येत नाही, आम्ही बोलीत उतरत नाही. हीच कंपनी माझगाव डॉकला स्कॉर्पीन पाणबुड्या बांधायला मदत करत होती. रशिया आणि कोरियाही गळाले. शेवटी अट पूर्ण करणारा एकच उरला. मग अट लिहिणाऱ्यांनी लिहिताना पाहिले होते काय, की जगात ही अट पूर्ण करणारे किती आहेत? पाहिले असेल आणि तरीही ती ठेवली असेल, तर त्याला सबळ कारण असू शकते. खलाशांचे प्राण प्रयोगावर टाकू नयेत हे कारण आम्हाला पटणारे आहे. पण ते कारण कुठे लिहिले आहे? अट ठरवणाऱ्या बैठकीत कोणी विरोध नोंदवला काय? एकच उरणार हे ठाऊक असताना भावाची तुलना कशाशी करणार, याचे उत्तर कोणी दिले काय?

निविदेच्या धंद्यात जुना अनुभव आहे. भाव पाहून माणूस निवडायचा असतो, पण माणूस आधी ठरला असेल तर अट पाहून निवडतात. तालुक्याच्या ठिकाणी विशिष्ट कंपनीचेच यंत्र पाहिजे, विशिष्ट कामाचाच पाच वर्षांचा अनुभव पाहिजे, अशी ओळ मागून घातली जाते आणि गावातल्या शेंबड्या पोरालाही कळते की काम कोणाला जाणार. पाणबुडीच्या बाबतीत असे झाले, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणायला आमच्याकडे पुरावा नाही. पण असे झाले नाही, हे म्हणायलाही नागरिकाच्या हाती काही ठेवलेले नाही. आमची तक्रार हीच आहे.

या झाकाझाकीची किंमत कोण मोजतो? १९८१ मध्ये भारताने पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू या कंपनीकडून चार पाणबुड्या घेण्याचा करार केला होता. दोन तिथे बांधायच्या, दोन माझगाव डॉकमध्ये. (हीच कंपनी पुढे थिसेनक्रुपच्या जहाजबांधणी व्यवसायात सामील झाली.) १९८७ मध्ये या सौद्यात ७ टक्के दलाली दिल्याचा आरोप बाहेर आला, तेव्हाचे संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी चौकशीचा आदेश दिला आणि एप्रिल १९८७ मध्ये त्यांनाच राजीनामा द्यावा लागला. पुढे राजकारण फिरले, सरकार बदलले. पण माझगाव डॉकमध्ये काय झाले? ‘शल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये दाखल झाली आणि तिथली पाणबुडी बांधणीची साखळीच थांबली. पुढचा करार व्हायला २००५ उजाडले. जाड पोलाद वाकवून जोडण्याचे जे कसब तिथल्या वेल्डरांनी आणि फिटरांनी वर्षानुवर्षे कमावले होते ते वाया गेले. दलाली कोणी खाल्ली हे सिद्ध झाले नाही. कसब मात्र कामगारांचे गेले.

आता दुसरे उदाहरण घ्या. त्याचे एक टोक आमच्या विदर्भात आहे.

२००७ मध्ये हवाई दलासाठी १२६ लढाऊ विमानांची निविदा निघाली. सहा कंपन्या आल्या. उड्डाण-चाचण्या झाल्या, एप्रिल २०११ मध्ये दोनच उरल्या : फ्रान्सच्या दासोची राफेल आणि युरोपातल्या चार देशांची युरोफायटर. जानेवारी २०१२ मध्ये राफेल सर्वांत स्वस्त ठरल्याचे जाहीर झाले. तीन वर्षे वाटाघाटी झाल्या. १० एप्रिल २०१५ रोजी पंतप्रधानांनी पॅरिसमध्ये ३६ विमाने थेट घेण्याची घोषणा केली, १२६ ची निविदा बाजूला पडली आणि २३ सप्टेंबर २०१६ रोजी दोन सरकारांत करार झाला. त्यानंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये नागपूरच्या मिहानमध्ये दासो आणि अनिल अंबानींच्या रिलायन्सच्या संयुक्त कारखान्याची पायाभरणी झाली. नागपूरच्या आपल्या अनेक पोरांनी तेव्हा नोकरीसाठी अर्ज घेऊन मिहानकडे पाहिले होते.

या व्यवहारावर देशात जे रण माजले ते वाचकांना आठवत असेलच. पण त्या गदारोळात जो कागद सर्वांत महत्त्वाचा होता तो फार थोड्यांनी वाचला. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा हवाई दलाच्या खरेदीवरचा अहवाल संसदेत मांडला गेला. त्यात १२६ विमानांच्या जुन्या निविदेचा इतिहास आहे. दासोची बोली सुरुवातीच्या तांत्रिक तपासणीत बाद ठरली होती. नंतर तिला पुन्हा आत घेण्यात आले. आणि मार्च २०१५ मध्ये, पॅरिसच्या घोषणेच्या महिनाभर आधी, संरक्षण मंत्रालयाच्याच पथकाने निविदा रद्द करण्याची शिफारस केली होती. कारण काय? तर दासो सर्वांत स्वस्त नव्हतीच आणि दुसऱ्या कंपनीचा प्रस्ताव निविदेच्या अटींत पूर्ण बसत नव्हता!

वाचकहो, हे पुन्हा एकदा वाचा. २०१२ मध्ये जी कंपनी सर्वांत स्वस्त म्हणून देशाला सांगितली गेली ती सर्वांत स्वस्त नव्हती, हे २०१९ मध्ये कळले. मधली सात वर्षे मूल्यमापनाचा तक्ता फायलीत होता. त्याच अहवालात नव्या कराराची किंमत जुन्या प्रस्तावापेक्षा २.८६ टक्क्यांनी कमी असल्याचे सांगितले आहे, पण ज्या आकड्यांवरून ही टक्केवारी काढली ते आकडे अहवालात झाकून टाकले आहेत. बेरीज आम्हाला दाखवली, बेरजेतले आकडे दाखवले नाहीत. मास्तरांनी पाटीवर फक्त उत्तर लिहिले आणि रीत पुसून टाकली, तर विद्यार्थ्याने ते बरोबर कसे मानायचे?

पाणबुडीत अट पाळली गेली असे दिसते. विमानात अट वाकवली गेली असे महालेखापरीक्षकांच्या अहवालावरून दिसते. दोन्ही प्रसंगी नागरिकाला मात्र सारखाच अंधार.

मग न्यायालय? राफेलच्या विरोधात वकील मनोहरलाल शर्मा, यशवंत सिन्हा, अरुण शौरी, प्रशांत भूषण आदी सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायालयाने किमतीचा तपशील बंद लिफाफ्यात मागवला. १४ डिसेंबर २०१८ रोजी याचिका फेटाळल्या गेल्या. संरक्षण खरेदीत न्यायालयीन तपासणीची मर्यादा अधिक आखूड आहे, सरकारला अधिक मोकळीक दिली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. निकालात असेही आले की किमतीचा तपशील महालेखापरीक्षकांनी तपासला आहे आणि त्यांचा अहवाल लोकलेखा समितीने पाहिला आहे. प्रत्यक्षात तोपर्यंत तो अहवाल संसदेत आलाच नव्हता. सरकारने दुसऱ्याच दिवशी अर्ज करून आपल्या बंद लिफाफ्यातल्या वाक्याचा अर्थ वेगळा घेतला गेल्याचे सांगितले. लिफाफा उघडा असता तर समोरच्या वकिलाने ती चूक तिथल्या तिथे दाखवली असती. दोन बाजू असण्याचा उपयोग तोच असतो. फेरविचार याचिकाही १४ नोव्हेंबर २०१९ रोजी फेटाळल्या गेल्या.

बंद लिफाफ्याची ही रीत घातक आहे हे पुढे सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले. मार्च २०२३ मध्ये माजी सैनिकांच्या ‘वन रँक वन पेन्शन’ प्रकरणात तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी सरकारचा बंद लिफाफा घ्यायला नकार दिला आणि त्यानंतर काही दिवसांतच, एप्रिल २०२३ मध्ये, एका मल्याळम वृत्तवाहिनीच्या निकालात, ही रीत नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध असल्याचे लिहून ठेवले. ‘राष्ट्रीय सुरक्षा’ असे नुसते म्हटले की सरकारची सुटका होत नाही, हेही त्या निकालात आले. उशिरा का होईना, आले.

निविदेच्या कायद्यात आपल्या हाती मूळ शस्त्र मात्र जुने आणि चांगले आहे, आणि तेही महाराष्ट्रातूनच गेलेले. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या कंत्राटावरून रमण दयाराम शेट्टी हे सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७९ च्या निकालात न्या. भगवतींनी सांगितले की सरकारी संस्थेने स्वतः लिहिलेली अट तिला स्वतःलाही बांधील असते. अट एक लिहायची आणि काम अट पूर्ण न करणाऱ्याला द्यायचे, हे संविधानाच्या १४ व्या कलमाचा भंग करते. सरकार म्हणजे खासगी सावकार नव्हे, की मनाला येईल त्याला काम द्यावे. पण त्या खटल्यात शेट्टींना काय मिळाले? काही नाही. ते उशिरा आले, त्यांचा खरा संबंध नाही, दुसऱ्याने आता खर्च केला आहे, म्हणून कंत्राट तसेच राहिले. देशाला तत्त्व मिळाले, अर्जदाराला दिलासा नाही.

त्यानंतर न्यायालय मागे-मागेच सरकत गेले. १९९४ च्या टाटा सेल्युलर प्रकरणात ठरले की न्यायालय निर्णय कसा घेतला ते पाहील, निर्णयावर अपील ऐकणार नाही. १९९८ मध्ये नागपूरजवळच्या खापरखेडा वीज केंद्राच्या कामाचा वाद आला, न्या. सुजाता मनोहर यांच्या पीठाने बजावले की काम अडले तर जनतेचे नुकसान होते, म्हणून स्थगिती देण्याआधी दहादा विचार करा. २०१६ मध्ये नागपूर मेट्रोच्या निविदेत नागपूर खंडपीठाने बाद झालेल्या बोलीदाराला पात्र ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. निविदा ज्याने लिहिली त्यालाच तिचा अर्थ सर्वांत चांगला कळतो, असे न्यायालय म्हणाले. या तत्त्वाबद्दल आम्हाला आदर ठेवूनही शंका आहे. ज्याने कायदा लिहिला त्यालाच अर्थ लावू द्यायचा असता तर न्यायालयांची गरजच काय होती?

काही निकालांमागचे कारण आम्हाला मान्य आहे. हरलेला प्रत्येक कंत्राटदार जनहिताचा झेंडा घेऊन कोर्टात धावतो आणि पूल, वीज केंद्र, दवाखाना वर्षानुवर्षे अर्धवट पडतो, हे आम्ही यवतमाळ जिल्ह्यात पाहिले आहे. न्यायाधीशाला पाणबुडी कळत नाही, हेही खरे. पण मग ज्याला कळते आणि जो खरेदी खात्याचा नोकर नाही, असा कोणी नेमा ना!

अमेरिकेत असा एक आहे, आणि तो काही कंत्राटदारविरोधी किंवा लष्करविरोधी देश नव्हे. २९ फेब्रुवारी २००८ रोजी तिथल्या हवाई दलाने हवेत इंधन भरणाऱ्या १७९ विमानांचे कंत्राट नॉर्थ्रॉप आणि युरोपच्या ईएडीएस यांना दिले. हरलेल्या बोइंगने तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाकडे हरकत घेतली. तिथल्या कायद्यानुसार वेळेत अशी हरकत आली की काम सहसा आपोआप थांबते आणि कार्यालयाला १०० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. १८ जून २००८ रोजी निर्णय आला : हवाई दलाने आपल्याच निविदेत लिहिलेल्या कसोट्यांप्रमाणे मूल्यमापन केले नाही. अटीत ‘जादा क्षमतेला जादा गुण नाहीत’ असे असताना जादा गुण दिले, दोघांशी सारखी चर्चा केली नाही, खर्चाच्या हिशेबात चुका केल्या. नवी निविदा काढावी लागली आणि २०११ मध्ये कंत्राट बोइंगला गेले. बोइंग काही साधुसंत नाही. पण लष्करी गुपिते वगळून तो निर्णय छापला गेला आणि कोणालाही वाचता येतो. हरलेल्याच्या बाहेरच्या वकिलांना गुप्ततेची हमी देऊन प्रतिस्पर्ध्याचे कागद पाहता येतात. यात गुपिते फुटून अमेरिकेचे सैन्य बुडाले नाही. गुपित विमानाच्या यंत्रात असते. गुण कसे दिले यात कसले गुपित?

आपल्याकडे काय आहे? २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत बोलीदाराला बोली बाद झाल्याबद्दल प्रश्न विचारता यावा असे लिहिले आहे. विचारता येतो, पण उत्तर देणारा तोच, ज्याने बाद केले. मोठ्या संरक्षण करारांत सचोटीचा करार असतो आणि त्यावर स्वतंत्र देखरेखदार असतात. ते तक्रार ऐकतात, मत देतात आणि ते मत मंत्रालयाकडे जाते. जनतेकडे नाही. आणि महालेखापरीक्षक येतात ते सगळे आटोपल्यावर.

३० मे १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या महालेखापरीक्षकाला संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले होते आणि त्याचे काम न्यायपालिकेपेक्षाही मोलाचे मानले होते. रुपयाच्या प्रश्नावर आणि प्रांतिक अर्थव्यवस्थेवर प्रबंध लिहिलेला माणूस ते बोलत होता; सरकारी पैसा कसा गळतो हे त्यांना पुस्तकातून आणि मंत्रिपदावरून दोन्हीकडून ठाऊक होते. त्याच पदावरच्या अहवालात आज आकडे झाकले जातात. संरक्षणाचे अहवाल संकेतस्थळावर टाकणेही थांबवले गेले; २०२० मध्ये तेव्हाचे महालेखापरीक्षक राजीव महर्षी यांनी त्यामागे सुरक्षेचे कारण सांगितले होते. दिल्लीतल्या पत्रकाराला संसदेच्या ग्रंथालयातून प्रत मिळेल. घाटंजीच्या वाचनालयात कुठून येणार?

आता आपल्या घरची गोष्ट. केंद्र सरकारचा २०१२ चा सार्वजनिक खरेदी आदेश सांगतो की सरकारी खाती आणि सरकारी कंपन्यांनी ठराविक हिस्सा लहान उद्योगांकडून घ्यावा. तो आधी २० टक्के होता, २०१८ मध्ये २५ टक्के झाला, आणि त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. हे ४ टक्के कागदावर आहेत, खरेदी तिथपर्यंत पोचत नाही. पण आणखी एक ओळ त्याच आदेशात आहे, जी आपले कार्यकर्ते भाषणात सांगत नाहीत : शस्त्रप्रणाली, क्षेपणास्त्रे अशी संरक्षण सामग्री या आदेशाच्या बाहेर. म्हणजे सरकारी खरेदीतले सर्वांत मोठे ताट आधीच उचलून आत ठेवले आणि उरलेल्या वाटीतले ४ टक्के आपल्यासमोर मांडले.

पाणबुडी आपल्या पोरांनी बांधावी असे आम्ही म्हणत नाही. पण एका पाणबुडीत झडपा, नळ्या, तारा, गॅस्केट, रंग, पलंग, भांडी असा हजारो वस्तूंचा पसारा असतो. भद्रावतीच्या, भंडाऱ्याच्या, अंबाझरीच्या आयुध निर्माणींना, पुलगावच्या दारूगोळा भांडाराला, कामठीच्या छावणीला रोज काही ना काही लागते. विदर्भात ही सगळी ठाणी आपल्या दारात आहेत. तिथे बोली लावणारा आपला उद्योजक जेव्हा ‘अपात्र’ होतो, तेव्हा त्याला बोइंगसारखे वकील परवडत नाहीत. नागपूर खंडपीठापर्यंत जायचे, याचिका टाकायची, तोवर कार्यारंभ आदेश निघालेला असतो आणि न्यायालय म्हणते, आता काम सुरू झाले. त्याला पाहिजे ती एकच गोष्ट : सर्व बोलीदारांचे गुण आणि बाद करण्याचे कारण असलेला तुलनेचा तक्ता, भावाचा लिफाफा उघडण्याआधी. माहितीच्या अधिकारात मागितला तर ‘व्यापारी गोपनीयता’ म्हणून ८ (१) (ड) कलम फेकले जाते. त्याच ८ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात जनहित मोठे असेल तर माहिती देता येते असे लिहिले आहे, हे अपिलात दाखवावे लागते. आपल्या तरुणांनी हे पोटकलम पाठ करून ठेवावे.

१४ मे २०१२ रोजी लोकसभेत सार्वजनिक खरेदी विधेयक मांडले गेले होते. बाद झालेल्या बोलीदाराची तक्रार ऐकायला निवृत्त न्यायमूर्तींच्या हाताखाली स्वतंत्र समितीची तरतूद त्यात होती. मात्र ५० लाखांखालची खरेदी वगळली होती, म्हणजे आमच्या तालुक्यातला माणूस पुन्हा बाहेरच. २०१४ मध्ये लोकसभा संपली आणि विधेयकही संपले. त्यानंतर कोणत्याही पक्षाच्या सरकारने ते परत आणले नाही. तमिळनाडूने १९९८ मध्ये आणि कर्नाटकाने १९९९ मध्ये आपापल्या राज्यासाठी असा कायदा केला. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव प्रत्येक भाषणात घेणाऱ्या महाराष्ट्राने केला नाही. इथे शासन निर्णयांवर काम चालते, आणि शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने बदलतो.

राखीव जागांवरून निवडून गेलेल्या आपल्या खासदारांना आणि आमदारांना आमचे सांगणे आहे. ते २०१२ चे विधेयक बाहेर काढा. ५० लाखांची मर्यादा काढून टाका, संरक्षण खरेदीला त्यातून सरसकट सूट देऊ नका. गुपित असेल तेवढेच झाका, गुणांचा तक्ता उघडा ठेवा. अशासकीय विधेयक म्हणून मांडा. मसुदा लिहायला वकील मिळत नसेल तर घाटंजीला निरोप पाठवा, आम्ही लिहून देतो.